बिया वगळून

माझं औषधांचं दुकान रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आहे. तीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे आणि माझ्या तोंडाला लोक घाबरतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागितली तर मी देत नाही. जुनी चिठ्ठी पुढे केली तर तिच्यावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवते. रस्त्यापलीकडे बरोबर समोर दुसरं औषधांचं दुकान आहे. कोणी कुरकुरलं, "समोर देतात की," तर माझं उत्तर तयार असतं, "मग समोरच जा."

या कडक स्वभावामुळे माझ्या गळ्यात आणखी एक काम पडलं. आमच्याकडे घराआड घर कोणीतरी आखातात नोकरीला आहे. रजा संपवून परत निघालेली माणसं जाण्याआधी औषधांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काकी, ह्यातलं काय चालेल तिकडे?" मी पिशवी काउंटरवर रिकामी करते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बाजूला काढते, अंगदुखीच्या काही गोळ्या बाजूला काढते, उरलेल्यांसाठी डॉक्टरांचं पत्र आणायला पाठवते. वरून भाषण देते ते वेगळंच. माझी लेक लग्न होऊन तिकडेच गेली, तिने मला तिथे कोणकोणती औषधं चालत नाहीत याची सरकारी यादी फोनवर पाठवली होती. बरीच पानं होती. त्यातली औषधांची सगळी मी जवळजवळ पाठ केली.

खरं सांगायचं तर मला या कामाचा गर्व होता. डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी शिकवलं होतं, की जगातल्या देशांनी एकत्र बसून अमली पदार्थांची एक यादी केली आणि ती पाळायचं कबूल केलं. अफूचं प्रकरण मला तोंडपाठ होतं. अफूच्या झाडाचा चीक, बोंडं, काड्या, सगळं कायद्यात बसतं, बिया वगळून. तोंडी परीक्षेत मी नेमकं हेच उत्तर दिलं आणि बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावून म्हणाले, "बिया वगळून, बरोबर." रत्नागिरीतल्या माझ्या वहीतली एक ओळ सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कचेरीतल्या ओळीशी बांधलेली आहे, असं मला तेव्हापासून वाटायचं. मेडिकलवालीला एवढं महत्त्व दुसरं कोण देणार?

चार-पाच वर्षांपूर्वी बातमी आली होती, की खाडीकडच्या वस्तीतल्या एकाला तिकडच्या विमानतळावर पकडलं. सामानात काहीतरी सापडलं म्हणे. दुकानात त्यावर चर्चा चालली होती. कोणीतरी म्हणालं, बिचाऱ्याला दुसऱ्याने पुडकं दिलं होतं. मी गोळ्या पाकिटात भरता भरता म्हणाले, "उगाच कोणी धरत नाही. काहीतरी असेलच." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. असली वाक्यं मी दिवसातून दहा बोलते.

गेल्या दिवाळीची गोष्ट. लेकीची तिकडची पहिलीच दिवाळी होती. फोनवर म्हणाली, "आई, बाकी सगळं इथे मिळतं गं, तुझे अनारसे मिळत नाहीत." झालं. मी तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाळवले, कुटले, गुळात मळले. दुकान बंद ठेवून एक दुपार कढईपुढे उभी राहिले. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडायचा तो खसखस वर ठेवून, आणि झाऱ्याने तूप उडवत राहायचं. एकही तुपात हसला नाही, फुटला नाही. सगळे जाळीदार झाले. मी फोटो काढून लेकीला पाठवला, चांगला जवळून, दाणा न् दाणा दिसेल असा.

आता ते पोचवायचे कसे? ते आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. जाणारा असतोच. माझ्या दुकानातल्या इन्व्हर्टरचं काम पूर्वी करणारा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांपासून लेकीच्याच शहरात नोकरीला होता आणि रजेवर आला होता. त्याची बायको दर महिन्याला सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे यायची. शांत बाई, दोन मुलींची आई. सोमवारी दोघं पिशवी तपासून घ्यायला आली.

मी त्याला अर्धा तास उभं केलं. आईने दिलेल्या कंबरदुखीच्या गोळ्या काढून घेतल्या आणि बजावलं, "तिकडचा कायदा म्हणजे आपल्याकडच्यासारखं नाही हो. आणि कोणी काही दिलं तर उघडून बघितल्याशिवाय बॅगेत ठेवायचं नाही, कळलं?" तो होय-होय करत होता. मग मी खालून डबा काढला, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला.

"काय आहे, काकी?" त्याने विचारलं.

"अनारसे, माझ्या लेकीला. हा मात्र उघडू नकोस हं, हवा लागली तर मऊ पडतील."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीत ठेवला. मला वाटलं, किती अदबीने घेतला.

मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने तो मुंबईला गेला. बुधवारी दुपारी बाराचं विमान होतं.

बुधवारी साडेअकराच्या सुमारास एक आजोबा आले. मुलाकडे निघाले होते, पिशवीत डोळ्यांचे थेंब होते, ते यादीत आहेत का बघायचं होतं. मी फोनवर यादी उघडली आणि बोट जरा जोरात फिरलं. यादी सरकत सरकत अगदी शेवटच्या पानावर गेली. ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. वर खाद्यपदार्थ असं लिहिलं होतं, आणि खाद्यपदार्थ काही माझ्या खात्यातले नव्हते. तिथे एक नाव होतं, पॅपॅव्हर सोम्निफेरम, म्हणजे अफूचं झाड. हे नाव मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पुढे लिहिलं होतं, बियांसह.

बियांसह म्हणजे खसखस. आजोबांनी विचारलं, "थेंब चालतील ना?" मी म्हणाले, "चालतील." नक्की काय बघून म्हणाले कोण जाणे.

मी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. पहिल्यांदा वाजला आणि कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदाही बंद. त्याच्या बायकोचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधी लागलाच नव्हता. म्हणून लेकीला केला. ती कामावर होती, हळू आवाजात बोलत होती.

"आई, तू खसखस लावलीस?"

"अनारशाला खसखस नाही लावायची तर काय लावायचं?" मी ओरडले, जशी काही चूक तिचीच होती.

मग तिने नवऱ्याला विचारून परत फोन केला. जावयांचं म्हणणं, घाबरू नका, बरेचदा कोणी बघतही नाही. पण तो शब्द आता फोनवर बोलू नका. हे दुसरं ऐकून पहिल्याचा काही उपयोग राहिला नाही. मला फोटो आठवला. मी तो घाईघाईने पुसला, आणि पुसल्यावर वाटलं, पुसला हे कोणाला कळलं तर? मग ते आणखी वाईट दिसेल.

मला तिकडच्या विमानतळावर कोणाला तरी फोन करावासा वाटत होता. पण सांगणार काय? समजा तो न तपासता बाहेर पडणार असेल, तर मीच त्याला पकडून दिल्यासारखं होईल. आणि नाही सांगितलं आणि पकडला, तर मी जिवंतपणी तोंड कुठे दाखवू? देशादेशांनी एकमेकांना धरून विणलेल्या ज्या जाळ्याचं मला एवढं कौतुक होतं, त्यात मी ओळखीच्या माणसाला स्वतःच्या हाताने ढकललं होतं. जगाने एकत्र बसून ठरवलं, बिया वगळून. पण एखाद्या देशाला त्याहून कडक व्हायचं असेल तर त्याला कोण अडवणार, हे मी परीक्षेत लिहिलं नव्हतं आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

दुपारी एका बाईला मी पाच मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी दहाची दिली. तिनेच पाकीट बघून विचारलं, "रंग बदलला काय हो?" तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी गोळ्या बदलून दिल्या, तिची माफी मागितली आणि शटर अर्धं खाली ओढून स्टुलावर बसले.

बसल्यावर डोळ्यांपुढे दुसरं काही येईना. तो टेबलापाशी उभा आहे, डबा उघडलेला आहे, आणि तो सांगतोय, साहेब, हे माझं नाही, आमच्या गावच्या एका काकीने दिलंय. कोण विश्वास ठेवणार? समोरचा माणूस त्याच्या भाषेत काय म्हणेल तेही मला माहीत होतं. उगाच कोणी धरत नाही, काहीतरी असेलच. ते माझंच वाक्य होतं, माझ्याच आवाजात.

विमान आपल्या घड्याळाने तीनपर्यंत उतरायला हवं होतं. चार वाजले तरी त्याचा फोन बंदच होता. लेक म्हणाली, मलाही काही कळवलेलं नाही. मग मात्र मला बसवेना. त्याच्या बायकोला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं. मी रिक्षा केली आणि खाडीकडच्या त्यांच्या घरी निघाले. वाटेत काय बोलायचं ते तीनदा जुळवलं, तीनदा मोडलं.

दार उघडंच होतं. ती धाकट्या मुलीची वेणी घालत बसली होती. मला बघून उठली. "काकी, तुम्ही? या, बसा. एवढा घाम का आलाय?"

मी उभीच राहिले. "त्याचा फोन आला काय गो?"

"आला की, आत्ताच. उतरायलाच उशीर झाला म्हणे. मग तिकडचं कार्ड घालून केल्यानी."

"बाहेर पडला? विमानतळाच्या बाहेर?"

"खोलीवर निघाले." तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिला कळलं. तिने आतल्या फळीकडे बोट दाखवलं. माझा डबा तिथे होता. चिकटपट्टी नीट कापलेली होती.

मी खुर्चीत बसले आणि रडले. मी कोणापुढे रडत नाही. तिने पाणी आणून दिलं.

"आमच्याकडे कोणाचंही असू दे, उघडल्याशिवाय बॅगेत जात नाही," ती म्हणाली. "सोमवारी घरी आल्या आल्या बघितलं. खसखस दिसली, काढून ठेवला."

"मग मला सांगायचंस ना गो!"

"कसं सांगणार? तुम्ही ह्यांना एवढं समजावत होतात. तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग जरा ओशाळून म्हणाली, "तुमच्या लेकीला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून मी नारळाच्या वड्या करून दिल्यात. तुमच्याच म्हणून द्या, सांगितलंय."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुला खसखशीचं कसं माहीत?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. "एकाने मसाल्याचं पुडकं दिलंन, त्यात खसखस होती. देणारा ओळखीचा, म्हणून भावाने उघडलंन नाही. ओळखीच्याचं कसं उघडायचं? आठ महिने आत होता. सुटून आला तो परत गेलाच नाही. आता बंदरावर बर्फ फोडतो."

खाडीकडचा तो माणूस. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. खोटं बोलून सुटायची वेळ निघून गेली होती.

"मी तेव्हा दुकानात काहीतरी बोलले होते," मी म्हणाले.

"होय. मी तिथेच उभी होते," ती म्हणाली. आवाज तसाच, गोळ्यांचं नाव सांगताना असतो तसा. "सासूच्या गोळ्या तुम्ही माझ्याच पाकिटात भरत होतात."

मुलगी अर्धी वेणी घेऊन आमच्याकडे बघत होती. मी विचारलं, "आणि तरी दर महिन्याला माझ्याकडेच येत राहिलीस?"

तिने फळीवरचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"दुसरं दुकान लांब पडतं, काकी," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.