तीस ग्रॅमचं औषध

माझ्या आईने चाळीस वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकली. पाटी समोर, गुडघे छातीशी, सकाळपासून दुपारपर्यंत उकिडवी. त्या गुडघ्यांनी शेवटी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी सहा किलो उतरवा, त्याशिवाय हात लावणार नाही. आईला ऑपरेशनचं काही कौतुक नव्हतं. तिला कार्ल्याच्या एकविरेच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या होत्या. मागच्या खेपेला भाच्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर उचलून नेलेली, तर अख्खी वाट ती तोंडावर पदर घेऊन होती. पाटीतल्या सुरमईसारखी गेले देवीसमोर, असं पुढे कितीतरी दिवस म्हणायची.

मी तिला डोंबिवलीला माझ्याकडे आणली आणि तिचं वजन हातात घेतलं. मी एखादी गोष्ट हातात घेतली की घरात काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो बिचारा त्या काळात चिवडासुद्धा गॅलरीत जाऊन खायचा.

माझं ऑफिस माजिवड्याला. तिथल्या मोठ्या दुकानात कॉर्नफ्लेक्ससारख्या नाश्त्याच्या डब्यांचा एक अख्खा रॅक आहे, त्याच्यासमोर मी एका संध्याकाळी तासभर उभी होते. चॉकलेटवाले आधीच बाद. मग पुढे मोठ्या अक्षरांत ‘मल्टीग्रेन’ लिहिलेला खोका उचलला. मागची अक्षरं मुंगीएवढी. चष्मा ऑफिसात राहिलेला, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचला. जे जास्त घातलेलं असतं ते यादीत आधी लिहितात, एवढं मला ठाऊक होतं. पहिलंच नाव मैदा! पुढे अनेक धान्यांच्या गप्पा आणि मागे मैदा. ठेवला परत. दुसऱ्यात मध-बदाम. त्यात साखर, मध आणि ग्लुकोज सिरप, म्हणजे एकाच चोराची तीन नावं, आणि बदाम पार शेवटी. तिथल्या मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही चेकिंगला आलायत का? म्हटलं, हो, तसंच समज. शेवटी यादीत पहिला ‘अख्खा गहू’ असलेले, बिनसाखरेचे फ्लेक्स सापडले. सोबत साधे जाडे ओट्स घेतले आणि लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

डब्यावर लिहिलेलं, एका वेळी तीस ग्रॅम. मी काट्यावर मोजून वाटीत घातले. आईने वाटी नुसती तळहातावर तोलली. जन्म तागडीत गेलेला तिचा.

“एवरं तं मी मांजराला टाकायचे,” ती म्हणाली.

पण खाल्लं हो तिने. रोज सकाळी सातला, मलईशिवायच्या दुधात, माझ्या देखत. मी ऑफिसची पर्स खांद्याला लावून, एक डोळा घड्याळावर ठेवून समोर उभी. शेवटचा चमचा तोंडात गेला की वाटी विसळायची आणि पळायचं. महिनाभर एक दिवस चुकला नाही.

महिन्याने डॉक्टरांकडे गेलो. वजन एक किलो वाढलेलं.

मी आधी काट्याशी भांडले. मग डॉक्टरांना सगळा हिशोब घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे आईला विचारलं, सकाळी काय काय खाता? तिने सरळ सांगितलं, सातला ते वाटीतलं, मग नऊला न्याहारी. न्याहारी म्हणजे दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि रात्रीचं कालवण. डॉक्टरांनी फाइलमध्ये तोंड घातलं, हसत होते.

रिक्षात माझा पारा चढला. मी तिला नको ते बोलले. चोरून खाल्लंस, मला फसवलंस, पायऱ्या चढायच्यात की नाही तुला? मग तिचे डोळे भरले.

“मना वाटला, औषद हाय,” ती म्हणाली. “मोजून देतेस, येळेवर देतेस, संपेपरतं उभी ऱ्हातेस. जेवन असतं तं तू पन बसली असतीस ना माज्यासंगती.”

मला लाज वाटली. मी कुठे खात होते? ऑफिसखालच्या टपरीवर, उभ्याउभ्या, मेदूवडा. आणि माझ्या घरी येऊन आई महिनाभर एकटी जेवत होती.

दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी उठले आणि दोन वाट्या मांडल्या. पहिला घास घेतला आणि माझं तोंड असं झालं की आई पोट धरून हसली. शुद्ध भुसा! तिला हे महिनाभर कोंबत होते मी. मग तिनेच उपाय काढला. फ्लेक्स तव्यावर कोरडे परतायचे, वर ताक, मीठ, जिरं, काकडी. ओट्सची जाडी धिरडी. नऊच्या भाकऱ्या आपोआप सुटल्या, कारण न्याहारी झालेली असायची. आणि खाताना ती बाजारातल्या गोष्टी सांगायची, कोणी कुठलं गिऱ्हाईक कसं पळवलं ते, त्या नादात मला रोज उशीर.

पाच महिन्यांत तिचे सहा उतरले, माझे साडेतीन. दोन्ही गुडघे झाले. व्यायाम करताना तिने त्या पोराला, म्हणजे फिजिओथेरपिस्टला, शिव्याही भरपूर घातल्या.

वर्षभराने आम्ही कार्ल्याला गेलो. आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना. ती कठडा धरून एकेक पायरी चढली, मी मागे, पडली तर धरायला. ती नाही पडली. देवीसमोर पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

दर्शन घेऊन बाहेर आलो तशी ती कठड्यावर टेकली आणि पिशवीतून डबा काढला. परतलेले फ्लेक्स, ताक घातलेले. सोबत दोघींना दोन चमचे.

“बस,” ती म्हणाली. “जेवन हाय.”

मी बसले. फ्लेक्स पार मऊ पडलेले.