साहेबांचं ‘त्यात काय!’

आमच्या साहेबांचं कौतुक करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. तितक्याच जोरानं परत यायचं. लेक डॉक्टर झाली? “त्यात काय!” छावणीच्या बाजारात उधळलेला बैल धरला? “त्यात काय, तो दमलाच होता.”

वाळूजच्या त्यांच्या शेडमध्ये मी ऑफिस सांभाळायची, आणि मी नेमकी उलट. ‘अद्वितीय’ हा शब्द नसला तर मला पत्र उघडंबोडकं वाटायचं. कपाटाचा भाव विचारणारं माझं पत्र वाचून दुकानदार घाबरून स्वतः हजर झाला होता. तेव्हा वय पंचेचाळीस, अक्कल जेमतेम, डौल मात्र कलेक्टरीणबाईचा!

आम्ही पाण्याचे फिल्टर बनवायचो. केसासारख्या पोकळ धाग्यांची शेवयांसारखी जुडी पाइपात बसवायची, टोकाला गोंद ओतायचा. गोंद वाळला की त्याच्या काठाशी धागे तुटायचे. साहेबांनी कडक गोंदावर मऊ गोंदाचा दुसरा थर दिला आणि तुटणं थांबलं.

या रीतीचं पेटंट मिळावं म्हणून अर्ज केला. सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, “यात नवं काय?” साहेब म्हणाले, “काय नाय हो, एक थर जास्तीचा.” झालं! ‘हे कुणाही जाणकाराला सहज सुचेल,’ म्हणून अर्ज फेटाळला. तोवर एका मोठ्या कंपनीनं आमची रीत उचललीसुद्धा. आम्ही मुंबईत अपील केलं; ते हरलो असतो तर शेडला कुलूपच.

“मुंबईत तुम्ही तोंड उघडायचं नाही,” वकीलबाईंनी साहेबांना दम दिला. मला कुठला धीर? गाडीत बसल्यापासून माझी शिकवणी सुरू. “साहेब, विचारलंच तर म्हणा, क्रांतिकारी पद्धत.”

“क्रांती आपल्या क्रांती चौकातच राहू द्या, बाई. डब्यात काय आणलंय?”

सुनावणीला मी पैठणी नेसून गेले. जणू पेटंट मलाच मिळणार होतं! वकीलबाई छान बोलत होत्या, तेवढ्यात अपील ऐकणाऱ्या मंडळातल्या तज्ज्ञांनी थेट साहेबांनाच मराठीत विचारलं, “हा दुसरा थर तसा सोपाच आहे की!”

“सोपाच आहे,” साहेब म्हणाले.

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी पैठणीचा पदर चावला.

“आता सोपा आहे,” साहेब पुढं म्हणाले. “आधी आम्ही नुसता गोंद बदलत बसलो. कडक, त्याहून कडक. तुटतंय म्हणल्यावर माणूस आणखी घट्टच धरतो ना? सैल सोडावं, हे कुणाला सुचतंय? त्या मोठ्या कंपनीलाबी नाय सुचलं, आमचा फिल्टर कापून बघेपर्यंत.”

तज्ज्ञ खळखळून हसले. पुढं अपील मंजूर झालं. निकाल वाचून मी म्हटलं, “साहेब, अद्वितीय!” “त्यात काय,” म्हणत ते गोंदाचा डबा उघडायला गेले.

माझ्या निरोपसमारंभात ते बोलायला उठले, तेव्हा सगळे गालातल्या गालात हसत होते. काय म्हणणार, ठरलेलंच. साहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला. “आमच्या बाई म्हणजे...” ते अडखळले. “अद्वितीय.”

आयुष्यभर ज्या शब्दाची मी उधळपट्टी केली, तो त्यांनी एकदाच खर्च केला. मला ऐटीत भाषण करायचं होतं. चार पानं पाठ होती. तोंडातून एवढंच निघालं, “त्यात काय, साहेब.”

गेल्या वर्षी साहेब गेले. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी विशेषणं सगळी घरी ठेवून गेले होते. लोकांना वाटलं, म्हातारी शब्द विसरली.