एकदाच आलेलं पहिलं अक्षर

पंधरा मिनिटांपैकी आठ संपली होती आणि स्क्रीनवर माझी एकही ओळ नव्हती.

हडपसरच्या एका कंपनीतला इंटरव्ह्यू. बाबांच्या आजारपणात नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली होती. या इंटरव्ह्यूआधी चार कंपन्यांनी बायोडेटातली 'गॅप' बघूनच नकार कळवला होता.

प्रश्न नवशिक्यांचा होता. ओळीने मांडलेल्या अक्षरांना प्रोग्रामिंगमध्ये स्ट्रिंग म्हणतात. एखादं नाव, पत्ता, काहीही. दिलेल्या स्ट्रिंगमध्ये एकदाच आलेलं पहिलं अक्षर शोधायचं. पूर्वी मी हे ज्युनिअर्सना शिकवायचे. आता हातच चालेना.

समोर मॅनेजर साळवे सर होते. त्यांनी विचारलं, "राहता कुठे?"

"बिबवेवाडीला."

"तेच इंग्रजीत लिहा. कागदावर. कोड राहू द्या."

मी BIBWEWADI लिहिलं.

"आता समजा, कॉम्प्युटर नाहीच. कसं शोधाल?"

कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मी खाली मांडलं. B, I, W दोनदा. E, A, D एकेकदा. मग पहिल्यापासून पुन्हा बघत गेले. "E आलं, सर."

"मग हेच कॉम्प्युटरला सांगा. घ्या अजून दहा मिनिटं."

एकदा मोजायचं, एकदा शोधायचं. आठ-दहा ओळींत कोड झाला. मी BIBWEWADI टाकून बघितलं, E आलं. मग सरांनी स्वतः टाइप केलं: Bibwewadi. उत्तर आलं B.

स्क्रीनकडे बघता बघता लक्षात आलं, पहिला B मोठा आहे, पुढचा छोटा. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. आधी सगळी अक्षरं छोटी करून घेणारी एक ओळ घातली. उत्तर आलं e.

"चूक कोणाची होती?" सरांनी विचारलं.

"माझी."

"बरं. हे सांगायला तुम्ही वेळ लावला नाहीत."

दोन दिवसांनी ऑफर लेटर आलं. रुजू झाले त्या सकाळी त्यांच्या टेबलापाशी गेले. "सर, त्या दिवशी तुम्ही थांबलात म्हणून..."

"अहो, टीमला माणूस हवा होता. तुमचा लॅपटॉप आलाय का बघा." एवढं बोलून ते मीटिंगला गेले.

याला तीन वर्षं झाली. आभार तेवढे राहिले, ते इथे मानते. आणि कोडबद्दल शिकले ते इतकंच: आपल्याला हवं ते उत्तर आलं, की पुढचं इनपुट दुसऱ्याला टाइप करू द्यावं.