चार निळे पट्टे

ओझेलाने सत्तरीत आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र काढलं. अमेरिकेतल्या मोबील शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ज्या चार धोबिणींनी चर्चच्या तळघरात एकेकाळी मुलींची शाळा काढली, त्यांच्या आठवणीसाठी. चित्रात माणूस एकही नाही. नुसते चार निळे पट्टे, ओल्या चादरींसारखे पिळवटलेले, तरी ताठ उभे.

"चेहरे कुठायत गं?" तिची बालमैत्रीण व्हर्डीन म्हणाली. ती आता त्याच चर्चच्या पास्टरची बायको.

"चेहरे कुणाच्या लक्षात आहेत? त्यांचं पिळून निघणं काढलंय मी. यावर कुणाला ब्रश लावू देऊ नकोस. घे शपथ."

व्हर्डीनने बायबलवर हात ठेवला. वर डोळेही मिटले.

चर्चमध्ये बायकांच्या सन्मानाच्या खास रविवारी सगळ्याजणी पांढऱ्याशुभ्र पोशाखात जमल्या. चित्रावरचा पडदा सरकला. पट्ट्यांवर मधोमध एक हसरी म्हातारी रंगवलेली होती. व्हर्डीनची सासू! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"लोकांना काहीतरी कळायला नको का, बाई?" व्हर्डीन कुजबुजली.

"कळलं की! याच बाईने त्या चौघींना हाकलून तळघराला कुलूप ठोकलं होतं," ओझेला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण ठोकण्याआधी तिने बायबलवर हात नव्हता ठेवला."