गंगारामच्या शेवटच्या सुरीतली रेघ

फोन आला तेव्हा मी पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होतो. पलीकडे सुनंदावहिनी होती, गंगारामची बायको. "हे गेले भाऊजी... झोपेतच," एवढंच बोलली. मूर्तीचा एक डोळा पुरा झाला होता. दुसरा अर्धा टाकून आलो असतो तर गंगारामने मला वर गेल्यावर सुनावलं असतं. डोळा पुरा केला आणि मगच रोह्याची गाडी पकडली.

गंगाराम माझा जुना दोस्त, रोह्याचा लोहार. वडिलांच्या भट्टीवर कोयते, विळे, कुऱ्हाडी करण्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि पन्नाशीत मोबाइलवर थरांच्या पोलादाच्या सुऱ्या पाहून गडी खुळावला. गाडीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे आणि जुन्या करवतींच्या पट्ट्या थरावर थर रचायच्या, तापवून, ठोकून एकजीव करायच्या, दुमडून पुन्हा ठोकायच्या. त्यातून सुरी घडवून, पाणी पाजून, घासून ॲसिडमध्ये बुडवली की एक पोलाद काळं पडतं, दुसरं चमकत राहतं, आणि आतल्या थरांची नक्षी वर येते. पहिलं वर्षभर थर चिकटायलाच तयार नव्हते. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. समोर उभी राहून घण मारणाऱ्या वहिनीने मात्र एकदाही 'पुरे' म्हटलं नाही.

माझा हात हलका, म्हणून ॲसिडचं काम त्याने माझ्याकडे दिलं आणि पहिल्याच सुरीवर मी माती खाल्ली. टोकाजवळ नक्षी फिकी आली होती. आमच्या धंद्यात फिकं राहिलं की ब्रश फिरवायचा. मी बारीक ब्रश ॲसिडमध्ये बुडवून दोन लाटा काढल्या. सुरेख दिसत होत्या, हे मी आजही म्हणेन. गंगारामने सुरी उजेडात धरली, पॉलिश पेपर घेतला आणि सगळीच नक्षी घासून टाकली. मग म्हणाला, "पेंटर, तुझा देव भायरून रंगतो. हिच्या पोटात हाय तेवढंच वर येनार. नसंल तर नाय." दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने जाऊन पुन्हा ॲसिड कालवलं.

जाण्याआधी त्याने पुण्यातल्या एका शेफबाईंसाठी लांब सुरी घडवून घासून ठेवली होती. दिवसकार्य झाल्यावर वहिनी म्हणाली, तेवढी पुरी करा. मलाही तेच हवं होतं. त्याच्या हातची शेवटची सुरी कुठल्यातरी स्वयंपाकघरात रोज चालत राहावी, दुसरं काही नको. पडवीत बसून ती बुडवली, सोड्याच्या पाण्यात धुतली. नक्षी अशी उमटली की मला रडू आलं... आणि मधोमध, धारेला लागून, केसाएवढी काळी रेघ दिसली. तिथे थर एकजीव झालेच नव्हते; वापरली तर तिथूनच तडकणार.

शेफबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, तशीच पाठवा, आठवण म्हणून भिंतीवर लावीन. मला ते पटतही होतं. खरं सांगायचं तर ब्रशसुद्धा आठवला. ती रेघ नक्षीत मिसळून टाकणं मला जड नव्हतं, आणि आता पॉलिश पेपर घेऊन बसणारा कोणी नव्हता. तरी सुरी नेऊन वहिनीपुढे ठेवली. तिने रेघेवरून नख फिरवलं. असली सुरी गंगाराम उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे, मोडून टाकायचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"राहू दे ना वहिनी," मी म्हणालो. "त्याची शेवटची आहे."

"शेवटची म्हनून खोटी चालंल व्हय?"

तिने सुरी शिकंज्यात आवळली आणि स्वतःच्या हाताने एका घावात मोडली. मी तोंड फिरवलं. वळून पाहिलं तर वहिनी भट्टीत कोळसा भरत होती. गंगाराम गेल्यापासून ती पेटली नव्हती. मोडलेले तुकडे तिने नव्या पट्ट्यांच्या मधे ठेवले, तारेने बांधले, तापल्यावर थर चिकटायला टाकणखार टाकला आणि सांडशी माझ्या हातात दिली. सांडशी धरणारा लोहार छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि घण बरोबर तिथे पडतो, अशी रीत. मी रंगारी माणूस... जागा कुठली दाखवणार? तसं बोललोही.

"तुमी निस्तं घट्ट धरा, भाऊजी," घण उचलत वहिनी म्हणाली. "जागा मला ठाव हाय."