एका करक चहाएवढी फाइल

तुम्ही काम करत असताना ते मागून यायचे, शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढायचे आणि तुमच्या कीबोर्डवर आडवं ठेवायचे. तपकिरी, जड, कडा झिजलेलं. ते तिथे असेपर्यंत एक अक्षर टाइप करता यायचं नाही. मग म्हणायचे, "आधी वाच. मग हात लाव." तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. नसेल तर देवाचे आभार माना.

मला ते, म्हणजे माझे सीनियर सर, आवडायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यापासून नाही. माणूस निघून गेला की लोक त्याच्याबद्दल गोड बोलायला लागतात, तसं मी बोलणार नाही.

आमची कंपनी टाइल्सची. ऑफिस शारजात, कारखाना रास अल खैमाला. दुकानांतल्या ऑर्डरी कारखान्याला पोचवायला एक सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक ऑर्डर रांगेत उभी राहते आणि नंबर लागला की तिकडे जाते. कुठे अडलं की ते सॉफ्टवेअर एरर लॉगमध्ये एक ओळ लिहितं: किती वाजता, काय बिघडलं, कोणामुळे. अशा तीन फाइली असतात. पहिली भरली की ती दुसरी होते, दुसरी तिसरी होते आणि जुनी तिसरी पुसली जाते. फाइल केवढी ठेवायची हे आपल्या हातात. आमच्याकडे ते त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी ती इतकी लहान ठेवली होती की बाहेरच्या कोणाला सांगायची मला लाज वाटायची.

"सर, सगळीकडे याच्या शंभरपट मोठी ठेवतात," मी पुन्हा एकदा म्हणालो. "डिस्कवर एवढी जागा पडलीय."

"जागा आहे म्हणून कचरा साठवायचा?" खालच्या कॅफेटेरियातून त्यांचा करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, दोन वाजता यायचा. कागदी कप त्यांनी माझ्यासमोर धरला. "हा संपेपर्यंत वाचून झाली पाहिजे. एवढीच फाइल. मोठी केली तर वाचणार कोण? तू?"

आणि ते खरंच वाचायचे. रोज दोन वाजता, एक घोट, चार ओळी, एक घोट, चार ओळी. मध्ये कोणी बोललं तर हात वर करायचे. मॅनेजर बोलले तरी.

गणपतीला मी त्यांना माझ्या अल मजाजच्या घरी बोलावलं. मराठी माणूस, एकटा राहतो, बायको नाशिकला, म्हणून. आरती झाली. प्रसाद हातात घेऊन ते मखराच्या मागे गेले आणि लाइटच्या माळेचा प्लग सरळ उपटून काढला. सगळी आरास अंधारात. "हा तापतोय," म्हणाले, मोदक खाल्ला आणि निघून गेले. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय इज ही सो मीन?" घरातला एक साक्षीदार मिळाला म्हणून मला आनंद झाला. प्लगचं एक टोक खरंच वितळलं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. मुलीला नाही सांगितलं.

आता त्या मंगळवाराचं सांगतो.

आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी कारखान्याच्या कनेक्शनमध्ये एक बदल केला. मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, म्हणून घाईत केला, तपासला नाही आणि निघालो. मंगळवारी सकाळी ऑफिसात आलो तर फोनवर फोन. कारखान्याला एकही ऑर्डर पोचली नव्हती. रास अल खैमाला ट्रक फाटकाशी उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, एका मोठ्या हॉटेलचं काम अडलंय. सर कधीच येऊन बसले होते. साडेनऊपर्यंत त्यांनी सगळं सुरळीत केलं. काय बिघडलं होतं ते कोणाला सांगितलं नाही.

अकराला मॅनेजरांनी मीटिंग बोलावली. मी जागेवर वही घ्यायला गेलो तर कीबोर्डवर चष्म्याचं घर आडवं, त्याच्याखाली घडी घातलेला कागद. माझं डोकंच फिरलं. इथे आग लागलीय आणि ह्यांचं 'आधी वाच' चाललंय! घर आणि कागद दोन्ही मी खालच्या ड्रॉवरमध्ये कोंबले आणि ड्रॉवर लाथेने बंद केला.

मीटिंगमध्ये मॅनेजरांनी लॉग पडद्यावर लावला. तिन्ही फाइलींत एकच ओळ, हजार वेळा: कनेक्शन होत नाही, कनेक्शन होत नाही. सुरुवातीची ओळ, बिघाड कधी आणि कोणी केला हे सांगणारी, सकाळच्या ऑर्डरींच्या गर्दीत पुसली गेली होती.

"शुरुआत किधर है?" मॅनेजर म्हणाले. "किसने किया? मुझे नाम चाहिए. ऊपर जवाब देना है."

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की घर, शाळा, सगळं महिन्यादोनमहिन्यांत गुंडाळावं लागतं. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. सर समोर बसले होते, चष्मा हातात, आणि माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते. मला माझ्या बदलाची शंका होती. खोटं कशाला बोलू, शंकेपेक्षा बरंच जास्त होतं.

मी मॅनेजरांना म्हणालो, "सर, लॉग का साइज इतना छोटा रखा है, हिस्टरी बचेगी कैसे? मैंने कितनी बार बोला था बड़ा करने को."

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच ते जमलं.

मॅनेजर त्यांच्याकडे वळले. "आपको कुछ बोलना है?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही," म्हणाले. मग मॅनेजरांना मराठी कळत नाही हे लक्षात आलं असावं. "नहीं."

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी केक कापला. मला म्हणाले, "मोठी करशील आता. कर." आणखी काही बोलतील म्हणून मी थांबलो, तर प्लेट उचलून ते खिडकीकडे गेले. गेले एकदाचे, असं मी घरी जाऊन म्हणालो.

त्यांची जागा मला मिळाली. फाइल मी शंभरपट मोठी केली आणि त्यानंतर एकदाही उघडली नाही. माझं सामान त्यांच्या टेबलावर हलवायला मला सात महिने लागले. आळस, दुसरं काय. माझ्या जुन्या टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला तर अडकला. जोर लावल्यावर आधी चष्म्याचं घर आलं, मग कागद.

लॉगचं एक पान होतं. मंगळवार, सकाळी सात दहाला छापलेलं, पुसलं जाण्याआधी. सुरुवातीची ओळ लाल पेनाने अधोरेखित केलेली: सोमवार, दुपारी चार चौतीस, कनेक्शनचं नाव आणि पुढे माझा यूजर आयडी. खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मीटिंगमध्ये तू स्वतः सांग. तुझ्या वयात माफ करतात. मी तोंड उघडणार नाही."

नाहीच उघडलं. मी त्यांच्यावर ढकलत होतो तेव्हाही नाही.

मला अजूनही त्यांचा राग येतो. एवढा हट्टी माणूस! शब्द दिला तो एका कागदावर, मी वाचलाय की नाही याची खात्रीही न करता, आणि तो पाळत बसले. कागद वाचूनही मी ते बोललो, असं समजून ते विमानात बसले असणार. हेच मला सहन होत नाही. तीनदा त्यांचा नंबर काढला. काय सांगू? की मी वाचलंच नाही? त्यांच्या लेखी तो जास्त मोठा गुन्हा.

फाइल मी पुन्हा लहान केली. दोन वाजता करक येतो आणि मी वाचतो. मध्ये कोणी बोललं की हात वर होतो. नवीन आलेल्या पोरी माझ्यामागे काय बोलतात ते मला ऐकू येतं.

त्या दिवशी चूक कोणाची होती हे आता तुम्हाला कळलं. मॅनेजरांना अजून सांगितलेलं नाही. मुलीची दहावी होऊ दे, मग सांगतो, असं मी ठरवलंय. तोवर घडी घातलेला तो कागद चष्म्याच्या घरात आहे, आणि संध्याकाळी निघताना ते घर मी माझ्या कीबोर्डवर आडवं ठेवतो. सकाळी ते उचलल्याशिवाय एक अक्षर टाइप करता येत नाही. मी उचलतो, बाजूला ठेवतो आणि कामाला लागतो.