फुकटची चौथी ओळ

आयुष्यात मी पुष्कळांवर संशय घेतला, पण एका कंपायलरवर घेतला तेवढा कुणावरच नाही. त्या संशयापायी एका सज्जन माणसाच्या हातचे दोन माग मी जवळजवळ काढून घेतले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका लहानशा कंपनीने मला सोलापुरातल्या एका गिरणीत पाठवलं. मी इथलाच, त्यामुळे जेवायला घरी. गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, मागांना पेटी बसवायची आणि माग किती वेळा थांबला हे त्या पेटीने मोजायचं, असं काम. पेटीत मायक्रोप्रोसेसर नावाची नवलाई आणि तिला चालवणारा प्रोग्रॅम माझा. चाचणीला दोनच पेट्या होत्या. एक मामांच्या दोन मागांना, दुसरी त्यांच्या शेजारच्या विणकराच्या मागांना. मामा म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने विणकर. घरी तेलुगू, खात्यात सोलापुरी मराठी. सगळे त्यांना मामाच म्हणत, खात्याचे प्रमुख विव्हिंग मास्तरसुद्धा.

प्रोग्रॅमचं काम असं चाले. मुख्य भाग सारखा तपासत बसे, की मागाच्या फणीचा शेवटचा ठोका येऊन फार वेळ तर झाला नाही? झाला असेल तर माग थांबला, एक आकडा वाढव. आणि मागाचा ठोका पडला की प्रोसेसरची बाही ओढली जाई. याला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम तसंच सोडायचं, ठोका नोंदवायचा, आणि परत येऊन जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालू करायचं. त्यासाठी हातात जे जे होतं ते आधी नीट बाजूला ठेवावं लागतं.

ही ठेवाठेव करायला पुण्याच्या मोठ्या संगणकावर एक कंपायलर होता. आपण जरा माणसासारखं लिहायचं, तो त्याची यंत्राला कळणारी भाषा करून देई. इंटरप्टच्या तुकड्याच्या डोक्यावर तसा एक शब्द लिहिला, की बाजूला ठेवणं आणि परत लावणं तो आपणहून करी. पुण्याचे साहेब म्हणाले होते, "तो शब्द लिही आणि झोप."

मला झोप कुठली! त्याने बनवलेल्या भाषेचे कागद एसटीने आले (मोहोळला एसटी बंद पडली होती, तेव्हा माझा प्रोग्रॅमही चार तास रस्त्यावर). ते मी जेवणाच्या ताटाशेजारी पसरून चोराचा माग काढावा तसे वाचले. ठेवाठेवीच्या चार ओळी होत्या. तीन पटल्या. चौथी प्रोसेसरच्या ज्या कप्प्याची, त्या कप्प्याला माझा तुकडा हातसुद्धा लावत नव्हता. मग तो उचलून का ठेवायचा? मी साहेबांना लिहिलं, "आपला कंपायलर माझ्या सख्ख्या मामीसारखा आहे. अक्कलकोटला सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं तरी गादी बरोबर घेतो." आणि तेवढा तुकडा स्वतःच्या हाताने असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या बोलीत, लिहून काढला. तीन ओळी, सुटसुटीत. शेजाऱ्यांना दाखवावासा वाटला, पण त्यांना कळला नसता.

पेट्या लागल्या. मामांनी पहिल्याच दिवशी आपल्या पेटीला हळदकुंकू लावलं, कारण त्यांच्या मागावर कुठलीही नवी वस्तू पूजेशिवाय चढत नसे. आठवडाभरात आकडे आले. शेजारच्याचे माग जेवढे थांबल्यासारखे वाटत, साधारण तेवढेच पेटी सांगत होती. मामांचे मात्र पाळीत वीस-वीस वेळा थांबत होते.

मला पहिला संशय आला कुंकवाचा. सेन्सरमध्ये गेलं असणार. पेटी उघडून स्पिरिटने पुसली. मामा बघत होते.

"देवाला पुसलं व्हय?"

"कुंकवाने मशीन बिघडतं, मामा."

"चाळीस वर्सं हितं लावतोय. माग न्हाई बिघडला कंदी."

आकडे तेच. मग मी खांबाआड वही घेऊन उभा राहिलो. पाळीत मामा दोनदा थांबले, धागा जोडला, चालू. पेटीत अठरा! मी असा निष्कर्ष काढला, की मी डोळे मिचकावतो तेवढ्यात मामा माग थांबवतात. मग त्यांच्या कमरेच्या डबीचा संशय आला. तंबाखूच्या जागी लोहचुंबक असेल तर? एकदा मागून घेतली. तंबाखूच होती. चुना जास्त होता.

शेवटी मी अगदी शास्त्रशुद्ध प्रयोग केला. पेट्यांची अदलाबदल. मामांची पेटी शेजारच्याला, त्याची मामांना. तरीही जादा आकडे मामांकडेच! म्हणजे पेटी निर्दोष, माणूस दोषी. मी मास्तरांना तसं लेखी दिलं. वर 'निःसंशय' हा शब्द टाकला, आणि तो अधोरेखितही केला.

मास्तर म्हणाले, "वय झालं त्यांचं. सोमवारपासून घडी खात्यात पाठवतो." घडी खातं म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालत बसायचं. विणकराला तिथे पाठवणं म्हणजे गवयाला तंबोरे पुसायला बसवणं.

शुक्रवारी मामांनी मला हाक मारली. आवाज चढवला नाही, पण एवढ्या मागांच्या खडखडाटात ऐकू आला.

"इंजिनेरसायेब, हिकडं या की जरा. आकडा बगा. किती?"

"अकरा."

त्यांनी दोन्ही माग बंद केले. आकडा तेरा झाला, मागाला एकेक. मामा शांतपणे डबी काढून तंबाखू मळत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तेराच.

"आता किती?"

"तेरा."

"मी थांबलो की ही गप. मी चालवाया लागलो की ही बोंबलती, थांबला थांबला म्हनून. लबाड कोन मग? मी का ही?"

"मामा, मशीन लबाड नसतं."

"मग लिवनारा?"

शेजारचा विणकर हसला. त्याचे माग तेव्हाही, नेहमीसारखे, बंदच होते. तेच बघून मी हिशेब मांडला. बंद मागाला ठोका नाही. ठोका नाही तर इंटरप्ट नाही. म्हणजे घोळ इंटरप्टमध्येच, आणि जो जास्त माग चालवेल त्याच्याच माथी जास्त घोळ!

घरी जाऊन ते कागद पुन्हा पसरले. फुकटची चौथी ओळ. त्या कप्प्याला मी हात लावत नव्हतो हे खरं, पण त्याच्याच पोटात झेंडे असतात. आत्ताच केलेल्या तुलनेचं उत्तर हो की नाही, ते सांगणाऱ्या खुणा. माझ्या तुकड्याने ठोक्यात एक मिळवला की झेंडे बदलत. मुख्य प्रोग्रॅम 'फार वेळ झाला का' हे विचारून उत्तर वाचणार, नेमक्या त्या क्षणी ठोका आला, की त्याला माझं उत्तर मिळे. चालता माग थांबलेला ठरे. शेवटी मामीची गादी हवीच होती.

दुरुस्ती सोपी होती, पण जुना प्रोग्रॅम पुसून चिप कोरी करायला लागणारा अतिनील किरणांचा दिवा सोलापुरात नव्हता. मी चिपा गच्चीवर उन्हात ठेवून पुसत असे, आणि आपल्या उन्हालासुद्धा त्याला आठवडा लागे. हातात होता एक शनिवार. म्हणजे पुरावा काही नाही, नुसतं तोंड.

शनिवारी मास्तरांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं, तीन ओळी, चौथी ओळ, झेंडे. त्यांनी माझं लेखी पुढे ठेवलं. निःसंशय, अधोरेखित.

"हे खरं, का आजचं खरं?"

"आजचं."

"परवापर्यंत हेच खरं होतं ना? मग तुमचं धरू कशाला?"

"माझं धरू नका. नवी चिप होईपर्यंत मी मामांच्या मागाशी उभा राहतो. हाताने मोजतो. तोवर त्यांना हलवू नका."

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. संशय कसा दिसतो ते मला पहिल्यांदा समोरून दिसलं. "आठ दिवस," म्हणाले.

आठ दिवस मी मागाशी उभा होतो, पूर्ण पाळी. मामांचे माग दिवसाला दोन-तीनदा थांबले, त्याहून जास्त नाही. गच्चीवर चिपा तापत होत्या. नवव्या दिवशी नवा प्रोग्रॅम चढवला. डोक्यावर तो एक शब्द लिहिलेला, चारही ओळी कंपायलरच्या. पेटीचा आणि माझ्या वहीचा आकडा जुळला. मास्तरांनी माझं लेखी फाडून टोपलीत टाकलं. मामा मागावरच राहिले.

त्यांनी पेटीला पुन्हा कुंकू लावलं. स्पिरिटची बाटली मी पिशवीतच ठेवली. मग माझं लक्ष शेजारच्या खांबाकडे गेलं. ज्या खांबाआड मी वही घेऊन उभा राहिलो होतो, त्याच्यावर खडूने रेघा मारलेल्या होत्या. बऱ्याच.

"हे काय, मामा? पेटी चुकली की रेघ?"

"पेटी न्हाई. आठ दिवस तुमी हितं हुबं व्हता न्हवं? चा प्यायला किती डाव थांबला, त्येचं हाय त्ये."

मी मोजल्या. माझ्या हिशेबापेक्षा चार जास्त होत्या. पण या वेळी काही लेखी दिलं नाही.